हिरवी शाई

"चेऊलकर मॅडम, ही खुर्ची इथून उचलावी लागेल," ती मुलगी म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

उजव्या विंगेतली, पहिल्या काळ्या पडद्याआडची ती जागा माझी होती. खुर्च्या गावोगावच्या नाट्यगृहांतल्या, कधी एक पाय लंगडा, कधी पाठच नाही; पण जागा तीच. मांडीवर वही, वहीवर बोटाएवढा दिवा आणि समोर रंगमंचावर भार्गवदादा तळाशीलकर. 'सासरेबुवा नापास' या आमच्या नाटकाचे नऊशे एक्केचाळीस प्रयोग मी तिथे बसून काढले होते. मी प्रॉम्प्टर. नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा आणि तो पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. दिवसा महापालिकेच्या शाळेत कारकुनी करायचे आणि बाकीचा जन्म त्या विंगेत.

"उचलायची म्हणजे? मग मी बसू कुठे?"

"बसायची गरजच नाही मॅडम. आज प्रॉम्प्टिंग नाही. सगळ्यांच्या कॉलरला माइक लावतोय. ते श्वाससुद्धा पकडतात. तुम्ही कुजबुजलात तर ते रेकॉर्डिंगमध्ये येणार."

"आणि कोणी अडलं तर?"

ती हसली. "नऊशे प्रयोगांनंतर कोण अडतंय?"

ही दोन हजार तेरा सालची गोष्ट. आर्या सबनीस तिचं नाव, टीव्हीच्या वाहिनीकडून आली होती, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाइल. वागायला गोड होती, उगाच खोटं कशाला बोलू. त्या दिवशी ठाण्याला दुपारी बारा वाजता निमंत्रितांसमोर प्रयोग लागायचा होता आणि तीन कॅमेरे तो टिपणार होते. नाटकाला गर्दी होईनाशी झाली होती. आमचे निर्माते केळुसकर यांनी ते वाहिनीला विकलं होतं. आधी हा प्रयोग टीव्हीवर दाखवणार, मग त्यातल्या आबांवर मालिका.

आबा म्हणजे भार्गवदादांची भूमिका. बायकोच्या माघारी हट्टाने दहावीला बसणारा म्हातारा. सतरा वर्षं दादा ती करत होते. घरी त्यांचं कोणी नव्हतं. बाजारात भाजीवालीसुद्धा त्यांना आबाच म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

केळुसकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "निमाताई, आज नसता घोळ घालू नका. या बाई दादांना बघायला आल्यात. बहात्तरचे झालेत, रोज बारा-बारा तासांचं शूटिंग झेपेल का, याचा अंदाज घेतायत. त्यांच्याकडे दुसरं एक नाव तयार आहे."

"कोणाचं?"

"ते कशाला हवंय तुम्हाला? दादा नीट उभे राहिले तर प्रश्नच मिटला."

मी मेकअपच्या खोलीकडे निघाले. कारण जे केळुसकरांना ठाऊक नव्हतं, नाटकातल्या सहकलाकारांनाही धड ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं. दादा विसरायला लागले होते.

---

मेकअपच्या खोलीत दादा आबांचा लेंगा, सदरा, जाकीट घालून तयार बसले होते. मांडीवर आबांचं शाळेचं दप्तर. मला बघून म्हणाले, "ये निमा. आज कुठल्या गावी आहोत गं?"

"ठाण्याला, दादा."

"हो हो. विचारलं आपलं."

तीन वर्षं झाली होती. आधी एखादा शब्द जायचा, मग वाक्य, मग अख्खा उतारा. कुठे उभं राहायचं, कुठे वळायचं, कप कुठल्या हातात धरायचा, हे कधी चुकलं नाही. शब्द तेवढे गळायचे. मग ते पाठमोरे होऊन माझ्या बाजूला यायचे, मी अर्धं वाक्य टाकायचे, ते उचलायचे. लोकांना वाटायचं, काय सहज फिरतो हा माणूस. आम्ही दोघं याबद्दल कधी बोललो नाही. प्रयोग संपला की ते माझ्या डोक्यावर टपली मारायचे, तेवढंच.

"दादा, आज मला बसू देत नाहीत."

त्यांचा कंगवा केसांत थांबला. "कोण?"

"वाहिनीवाले. माइक सगळं पकडतात म्हणे."

"मग पडदा तरी कशाला उघडतायत?" ते हसत म्हणाले आणि कंगवा टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निमा, भीती वाटते गं. आबा गेला तर माझ्याकडे काय राहिलं? रिकाम्या घरात बसून मी कोणाचं बोलू?"

मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "कपाट आहे ना. मी त्याच्या मागे उभी राहते."

आमच्या सेटवर मधोमध एक कपाट होतं. आबांची पुस्तकं त्यात. त्याला पाठ नव्हती, मागे नुसता काळा कपडा ताणलेला. पहिल्या अंकात आबा ते चारदा उघडतात.

"आणि माइक?"

"दार करकरतं. तुम्ही उघडाल तेव्हा त्या करकरीत सांगीन. पुढच्या पानाचं सगळं एकदम. तुम्ही दार जरा हळू उघडा."

"चारही वेळा?"

"चारही."

"आणि दुसऱ्या अंकात? सराव परीक्षेला? तिथे कपाट उघडत नाही मी."

मला ते आठवत होतंच. "तो उतारा तुमचा पक्का आहे," मी म्हटलं. तो पक्का नव्हता. मागच्या चार प्रयोगांत दोनदा गेला होता.

---

विंगेत परत आले तर केळुसकर सबनीसबाईंना घेऊन उभे. "निमाताई, वही दाखवा जरा."

मी पिशवी छातीशी धरली. "आत्ता? प्रयोग आहे."

"अहो, वही संस्थेची आहे. आणा इकडे."

सबनीसबाईंनी वही अलगद घेतली, मोबाइलच्या उजेडात पानं उलटू लागल्या. सतरा वर्षांची वही, दोनदा शिवलेली, चहाचे डाग. "हे तीन रंग कसले?"

"काळं म्हणजे मूळ नाटक, लेखकाचं. निळं म्हणजे प्रयोग करता करता दादांनी घातलेलं."

"आणि हिरवं?"

"निळा पेन संपला होता."

"इतक्या वेळा?"

"आमच्या शाळेत मुख्याध्यापक हिरव्या शाईने सह्या करतात. त्यांच्या कपाटात ते पेन खूप असतात."

त्या बराच वेळ वाचत राहिल्या. एका पानावर मोठ्याने हसल्या. मुलगा विचारतो, 'आबा, या वयात दहावी करून काय मिळणार?' आणि आबा म्हणतात, 'तुझ्या आईला शब्द दिला होता, पोरासोबत पास होईन म्हणून. तू तीनदा बसलास, माझा धीर सुटला.' हे वाक्य हिरवं होतं. "गंमत आहे," त्या म्हणाल्या, "खरे हशे सगळे हिरव्यातच आहेत. छापील पुस्तकात यातलं काहीच नाही. मला वाटलं होतं मी नाटक वाचलंय."

"रंगभूमीवर असं वाढतच असतं," केळुसकर म्हणाले.

"हो, पण मग याची नोंद हवी. आज जे बोललं जाईल ते आणि या वहीत जे आहे ते, सगळं करारात येणार. मालिका, मोबाइल, पुढे अजून जे काही निघेल ते. दादांकडून लिहून घ्यावं लागेल की वाढवलेली वाक्यं त्यांची आहेत आणि ती ते देतायत."

"आणि आबा?" मी विचारलं.

"आबा पण."

"दादांशिवाय आबा?"

"दादा असतील तर दादाच ना," त्या म्हणाल्या. "आज बघूच."

मी वही मागून घेतली. मध्यंतरात परत देते म्हटलं. त्यांनी मान हलवली. भली मुलगी होती, म्हणून अजूनच भीती वाटली. खेकसणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

---

नारळ फुटला, अगरबत्ती फिरली. मी चपला विंगेत काढल्या आणि अनवाणी पायांनी कपाटामागे जाऊन उभी राहिले. दिवा लावता येत नव्हता. कपड्यातून जो प्रकाश झिरपत होता त्यात वही डोळ्यांजवळ धरली. माझ्या छातीचे ठोके माइकला ऐकू जातील असं खरोखर वाटत होतं. येडपटासारखी मी एक हात छातीवर दाबून उभी होते.

पहिला अंक पार पडला. दार करकरलं, मी कापडाला तोंड लावून चार वाक्यांचे पहिले शब्द ओतले. दादांनी पुस्तक काढलं, वळले आणि चारही वाक्यं जागच्या जागी पडली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा दादांनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, मध्ये फक्त तो कपडा. ते घामाने निथळत होते. चौथ्यांदा त्यांनी दार उघडून उगाच पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं, म्हणजे करकर दोनदा मिळावी. लोकांना तोही विनोद वाटला.

मध्यंतरात विंगेत पाय टाकते न टाकते तोच सबनीसबाईंचा माणूस वही घेऊन गेला. "फोटो काढून लगेच देतो" म्हणाला. मी त्याच्या मागे धावले, तर केळुसकर आडवे आले. "निमाताई, तुम्ही घरी नाही गेलात अजून? आज सुट्टी आहे तुम्हाला."

"वही हवीय मला."

"कशाला? तुम्हाला पाठ नाही?"

हीच तर गोची होती. मला हे काम ज्या म्हाताऱ्याने शिकवलं तो सांगायचा, प्रॉम्प्टरने नाटक कधी पाठ करायचं नाही. पाठ असलं की नजर वहीवरून उठते, मन भटकतं आणि नेमक्या वेळी तोंडात भलतं पान येतं. सतरा वर्षं मी ते नेमाने पाळलं. रोज पहिल्यांदाच वाचतेय असं वाचायचे. घंटा वाजली. वही आली नाही. मी रिकाम्या हातांनी कपाटामागे जाऊन उभी राहिले.

सराव परीक्षेचा प्रसंग असा. सूनबाई शाळेत शिक्षिका, ती घरातच आबांची परीक्षा घेते. टेबल कपाटाच्या पुढ्यात. आबा लिहितायत, ती घड्याळ बघून म्हणते, "आबा, वेळ संपला. पेपर द्या." त्यावर आबांचा लांब उतारा.

ती म्हणाली, "आबा, वेळ संपला. पेपर द्या."

आणि काहीच आलं नाही.

मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. तीनपर्यंत लोक थांबतात, त्यांना अभिनय वाटतो. चार. दादांचा पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. पाच. सूनबाई झालेली मुलगी हुशार होती, तिने पुन्हा म्हटलं, "आबा, पेपर." सहा. समोर कोणीतरी खोकलं. मला उताऱ्याचा एक शब्द आठवेना. काळं, निळं, हिरवं, काहीच दिसेना. दादांची पाठ माझ्यापासून दोन हातांवर आणि कॉलरला तो माइक.

असं पहिल्यांदा इस्लामपूरला झालं होतं, तीन वर्षांपूर्वी. मुलाने विचारलं, या वयात दहावी करून काय मिळणार, आणि दादा गप्प. वहीची दोन पानं घामाने चिकटलेली. घाबरून माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच पानावर नव्हतं. तू तीनदा बसलास, माझा धीर सुटला. दादांनी ते उचललं आणि नाट्यगृह हसून हसून आडवं झालं. विंगेत येऊन दादांनी विचारलं, "वहीत असंच आहे?" मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? प्रॉम्प्टरने स्वतःचं वाक्य नटाच्या तोंडी घालणं, यापेक्षा मोठा गुन्हा आमच्या धंद्यात नाही. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात. त्या रात्री मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं, म्हणजे खोटं उघडं पडायला नको. निळ्याने लिहायला हात धजेना, ते दादांचं नव्हतं. म्हणून हिरव्याने लिहिलं. मग ते होतच राहिलं. त्यांचं एक गळायचं, माझ्याकडून एक जायचं. तीन वर्षांत एकसष्ट वाक्यं झाली होती. मी कोणाला सांगितलं नाही. खरं सांगते, अभिमान फार वाटायचा आणि भीती त्याहून जास्त.

सात. मी कापडाला ओठ लावले. करकर नव्हती, काही नव्हतं. मी म्हटलं, "थांब गं सूनबाई. आयुष्यभर नुसती उत्तरं देत आलो. प्रश्न काय होता, ते आत्ता वाचतोय."

दादांनी पेन उचलला. सुनेकडे बघितलं आणि माझा शब्द न् शब्द, पण असा काही सावकाश म्हटला, की आधी कोणी हसलंच नाही. मग टाळ्या आल्या. त्या थांबेपर्यंत सूनबाईने उताऱ्याचा शेवट स्वतःच्या वाक्यात घालून प्रसंग पुढे नेला. मी कपाटामागे मटकन खाली बसले.

---

प्रयोगानंतर आम्ही मेकअपच्या खोलीत जमलो. दादा अजून आबांच्याच कपड्यांत होते, थकलेले, पण चेहरा खुललेला. केळुसकर पेढे वाटत होते. सबनीसबाई आत आल्या आणि वाकून दादांच्या पाया पडल्या. "दादा, सराव परीक्षेला मी रडले," त्या म्हणाल्या. "मालिकेचे आबा तुम्हीच. मी आत्ताच फोन करून सांगितलं."

माझा जीव भांड्यात पडला. पुढे जे झालं ते आठवलं की वाटतं, तेव्हाच उठून घरी जायला हवं होतं.

त्यांनी कागद पुढे केले, वहीच्या पानांच्या प्रतीही जोडलेल्या. "फक्त एवढं, दादा. निळी आणि हिरवी वाक्यं तुमची आहेत आणि ती तुम्ही वाहिनीला देताय. इथे सही."

दादांनी चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. सगळे पेढे खात होते. मग ते शांतपणे म्हणाले, "निळी माझी. हिरवी माझी नाहीत."

केळुसकर हसले. "दादा गंमत करतायत."

"गंमत नाही. माझी नसलेली वस्तू मी कशी देऊ?"

"मग कोणाची आहेत?" सबनीसबाईंनी विचारलं.

दादा माझ्याकडे बघत होते. इस्लामपूरपासून सगळं माहीत होतं त्यांना. तीन वर्षं विचारलं नाही, टपली मारत राहिले. आता एवढ्या लोकांत, स्वतःचा आबा पणाला लावून, ते माझ्यासाठी दार उघडून धरत होते. म्हणाले, "निमाला विचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी आहेत, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण ते म्हटले की पुढचा प्रश्न आलाच असता. तुमची वाक्यं दादांच्या तोंडी कशी? कधी दिलीत? का द्यावी लागली? एकसष्ट वेळा? आणि मग दादांचं विसरणं चव्हाट्यावर. शिवाय केळुसकर समोर, प्रॉम्प्टर असून नाटकात हात घातलात म्हणून मला फाडून खाणार. मला दादांना वाचवायचं होतं आणि स्वतःलाही, आणि जिभेवर जे पहिलं आलं ते मी बोलून गेले.

"नाही हो, दादांचीच आहेत सगळी. विसरलेत ते."

मी काय बोलले ते मला क्षणभराने कळलं. सबनीसबाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. "विसरलेत म्हणजे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"म्हणजे, तसं नाही. जुनी वाक्यं आहेत, कोणाच्या लक्षात राहतात... मी आपलं..."

दादांनी हात वर करून मला थांबवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तिचं. विसरलो असेन." त्यांनी पेन घेतला, सही केली. खाली तारखेची जागा होती. "आज तारीख काय?"

"एकोणीस," केळुसकर म्हणाले.

दादांनी पेन टेकवला. थोडा वेळ तसाच धरला. मग वर बघून विचारलं, "आज तारीख काय म्हणालात?"

सबनीसबाईंनी खाली वाकून स्वतः तारीख घातली. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना सगळं कळलं होतं, दाराच्या करकरीपासून हिरव्या शाईपर्यंत.

गाडीपर्यंत मी दादांचं दप्तर घेऊन गेले. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं."

"आजचं ते प्रश्नाचं वाक्य," ते म्हणाले. "वहीत नाही ना ते?"

"नाही. वही त्यांच्याकडे होती."

"मग लिहू नकोस कुठे." त्यांनी टपली मारली आणि गाडीत बसले.

---

तीन आठवड्यांनी मालिकेची जाहिरात आली. आबा दुसरेच होते, काळ्याभोर मिशांचे. मोठ्या फलकांवर त्यांच्या फोटोशेजारी ते वाक्य होतं. आयुष्यभर नुसती उत्तरं देत आलो. वहीत नव्हतं, तरी करारात 'जे बोललं जाईल ते' होतं. मालिका चारशे भाग चालली. लेखक म्हणून कोणा तिघांची नावं यायची. मला कोणी काही विचारलं नाही आणि मी तक्रार करणार कोणत्या तोंडाने? विचारलं होतं की एकदा, भर खोलीत.

दादा पुढे दोन वर्षं होते. मी रविवारी जायचे. शेवटी शेवटी मला ओळखत नसत. पण मी कानाशी अर्धं वाक्य टाकलं की बाकीचं अर्धं पुरं करत. हिरवीसुद्धा.

तो ठाण्याचा प्रयोग आता मोबाइलवर आहे. लाखो लोकांनी बघितलाय म्हणे. भाचीने लावून दिला तेव्हा मी सराव परीक्षेपर्यंत डोळे मिटून बसले होते. सूनबाई म्हणते, पेपर द्या. मग ती भयंकर शांतता. आणि मग, दादांच्या आधी, एका बाईचा आवाज. बारीक, घाबरलेला, पण प्रत्येक शब्द स्पष्ट. थांब गं सूनबाई. मग दादा. त्या दिवशी कोणीतरी 'नंतर काढून टाकू' म्हटलं असेल आणि राहून गेलं असेल.

खाली लोक काय काय लिहितात. एकाने लिहिलंय, 'एक तास बारा मिनिटांनी मागून कोणीतरी बोलतंय, आवाज दुरुस्त करा.' भाची म्हणाली, "आता सोपं असतं गं मावशी. नको असलेला आवाज मशीन एका मिनिटात पुसतं." ती सहज म्हणाली. माझ्या मात्र पोटात तोच गोळा आला, खुर्ची उचलताना आला होता तसा.

तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी मी तेवढाच भाग लावून बघते. काल बघितला. आहे अजून.